ओटीवरचं कलादालन

आषाढ लागला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांमधून लाकडी पाट निघतात. मागच्या बाजूला रंगानं घराचं नाव लिहिलेलं, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या मोटारसायकलला मागे बांधलेला, असा एकेक पाट गावातल्या गणपतीच्या शाळेत पोचतो. या शाळेला वेगळी इमारत क्वचितच असते. कुणाची ओटी, कुणाची पडवी, गोठ्याचा मोकळा केलेला एक खण, नाहीतर अंगणात ताडपत्री ताणून केलेला मांडव. भिंतीला लागून फळ्यांचे थर, फळ्यांवर ओळीनं पाट, पाटांवर मातीचे गोळे. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आत त्या गोळ्यांना रोज थोडं थोडं रूप येत असतं.

कामाचा क्रम ठरलेला आहे. शाडू भिजवायची, तुडवून-मळून लोण्यासारखी करायची, साच्यातून अंग काढायचं, हात आणि सोंड जोडायची. ओल्या ब्रशनं सांधे बुजवायचे. मग सुकायची वाट बघायची, आणि कोकणातल्या दमट हवेत ही वाट पाहणं हेच सगळ्यांत अवघड. त्यानंतर पांढरा हात, अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने, आणि सगळ्यांच्या शेवटी डोळे. डोळ्यांची आखणी बहुधा शाळेचा मालक स्वतः करतो. त्या वेळी ओटीवरचं बोलणं आपोआप कमी होतं. बाकीची कामं मात्र वाटली जातात. लावणी उरकून मोकळे झालेले शेतकरी, शाळेतून परतलेली मुलं, रात्री जेवून नुसतेच बघायला आलेले शेजारी, यांतला कुणीही अर्ध्या तासात माती मळताना किंवा पाटाची कड रंगवताना दिसतो. आलेल्याला बसायला जागा मिळेलच असं नाही, पण हाताला काम नक्की मिळतं. पहिल्या वर्षी पोरगं पांढरा हात मारतं, दोन-तीन वर्षांनी त्याच्याकडे उंदीर येतो, मग पितांबराची किनार. असं करत करत एखादा दिवस असा येतो, की मालक त्याच्या हातात बारीक ब्रश देतो आणि म्हणतो, हा एक तू बघ.

मला विचाराल तर रत्नागिरी जिल्ह्यातलं सगळ्यांत मोठं कलाप्रदर्शन हेच. ते दीड-दोन महिने चालतं, गावोगावी एकाच वेळी चालतं, त्याला उद्घाटन नाही, तिकीट नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. स्थानिक कलाकार काम मांडतात, लोक ते रोज येऊन बघतात, मतं देतात, हट्ट धरतात, आणि बघता बघता स्वतःही काम करू लागतात. अलीकडे शहरांतल्या चित्रप्रदर्शनांच्या निमंत्रणांवर सृजन, मनःस्वास्थ्य, ताणमुक्ती असे शब्द वारंवार वाचायला मिळतात. त्या शब्दांमागचा हेतू चांगलाच आहे. पण कलेनं माणूस बरा राहतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं तर पांढऱ्या भिंतीच्या दालनाआधी या ओटीवर येऊन बसावं, असं मला वाटतं. इथं करणारा आहे, बघणारा आहे, आणि दोघांमध्ये दोरी बांधलेली नाही. शिवाय त्या वस्तूची कुणीतरी वाट बघतंय. चतुर्थीची तारीख हलत नाही.

अर्थात ही शाळाही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पेण आणि हमरापूरच्या तयार मूर्ती ट्रक भरून येतात, त्यांतल्या कितीतरी प्लास्टरच्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं १२ मे २०२० रोजी मूर्ती विसर्जनाबद्दलची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत प्लास्टर वापरू नये असं स्पष्ट म्हटलं. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, उलटसुलट निर्णय झाले. पर्यावरणाचा मुद्दा महत्त्वाचा आहेच. पण तयार मूर्ती गावात आली की आणखी एक गोष्ट जाते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या घरातल्या पोराचं संध्याकाळी शाळेत जाऊन बसणं जातं.

*

या जिल्ह्यात काम उघड्यावर मांडण्याची रीत फार जुनी आहे. किती जुनी, हे सड्यावर गेल्याशिवाय कळत नाही. जांभ्याचा सपाट, काळपट सडा, पावसाळ्यानंतर त्यावर रानफुलांचा आणि गवताचा पातळ थर, आणि त्याखाली कातळात खोदलेल्या रेषा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दशकात गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून ही कातळशिल्पं शोधली, नोंदवली. आज कोकणात अशा हजाराहून अधिक आकृत्यांची नोंद आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी अशा कितीतरी लहान आकृत्या सामावलेल्या आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध माणूस उभा आहे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत कोकणातल्या नऊ ठिकाणांचा समावेश झाला. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत: कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी.

ही शिल्पं कुणी खोदली, कशासाठी खोदली, यावर अभ्यासकांचं काम चालू आहे. काहींचा काळ दहा हजार वर्षांहूनही मागे नेला जातो. मी त्या वादात शिरत नाही. मला त्या हत्तीपाशी उभं राहिल्यावर एकच गोष्ट जाणवली. एवढा आकार जमिनीवर उभं राहून पुरता दिसत नाही. खोदणाऱ्यालाही तो एका नजरेत दिसत नसणार. तरीही त्याच्या पाठीची रेषा चुकलेली नाही. जांभा चिरेखाणीत यंत्रानं कापतात तेव्हाही धूळ आणि घाम निघतो. हातातल्या दगडानं तो खोदायला किती दिवस लागले असतील, आणि त्या दिवसांत अन्न शोधण्याचं काम कुणी केलं असेल? पोट भरण्याच्या धडपडीतून वेळ काढून हे करावंसं वाटलं, आणि बाकीच्यांनी ते करू दिलं. कला ही रिकामपणाची चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कशेळीला जावं.

उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या सड्यावरच्या हत्तीभोवती संरक्षक कठडा उभा केला. गावानं आपणहून केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं. आपल्या जमिनीवर कुणीतरी काहीतरी सुंदर करून ठेवलंय, ही जाणीवसुद्धा माणसाला ताठ उभं करते.

*

ताठ उभं राहण्याची गरज या जिल्ह्याला आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार ६९ भरली. दहा वर्षांपूर्वी ती १६ लाख ९६ हजार ७७७ होती. सगळा देश वाढत असताना हा जिल्हा जवळजवळ पाच टक्क्यांनी आटला. दर हजार पुरुषांमागे इथं ११२२ स्त्रिया. याचा अर्थ बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो, कोकणातल्या माणसाला नाही. मुलगा मुंबईला, नाहीतर पुण्याला. घराला कुलूप, किंवा घरात एकटी आई. एकटे म्हातारे नवरा-बायको. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी येतात तेव्हा घर माणसांनी भरतं, आणि ते परत गेले की पुढचे कितीतरी दिवस आत-बाहेर करवत नाही. वर निसर्गाचे फटके. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. नारळ-पोफळीची नवीन बाग उत्पन्नाला येईपर्यंतची वर्षं माणसं काय मनानं काढत असतील, याची नोंद कुठल्याही पंचनाम्यात होत नाही.

म्हणून शिमग्याचं महत्त्व मला नेहमी वाटत आलंय. पालखी घरोघर जाते, खेळे निघतात, नमनाचे प्रयोग रात्र रात्र रंगतात. मृदंगावर थाप पडते आणि एरवी वर्षभर कुणाच्या नजरेला नजर न देणारा माणूस उंच टोपी आणि पांढरी दाढी लावून संकासूर होतो. तो नाचतो, दरडावतो, हसवतो. गणपतीत जाखडीचा फेर धरला जातो, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब रंगतात, आणि ती गाणी दरवर्षी नव्यानं रचली जातात. आमच्याकडच्या पुरुषाला गाण्याची, नाचण्याची, चारचौघांत डोळे ओले करण्याची परवानगी याच दिवसांत मिळते.

बाईचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्या जिल्ह्यात बायका संख्येनं जास्त आहेत तिथं मांडलेलं काम बहुतेक पुरुषांचं आहे. गणपतीच्या शाळेत घरातल्या बायका माती मळतात, रंगाच्या वाट्या धुतात, दागिन्यांचं बारीक काम करतात, आणि पाटीवर नाव मालकाचं असतं. त्यांची रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडूनं जाते. त्यांनी शिवलेली गोधडी अंथरुणात जाते. झिम्मा-फुगडीची गाणी त्यांच्या तोंडून त्यांच्या सुनांच्या तोंडी जातात किंवा जात नाहीत. जुन्या लुगड्यांचे तुकडे निवडून, रंगाशी रंग लावून धावदोऱ्यानं भरलेली गोधडी भिंतीवर टांगून बघा. ती रचना एखाद्या नामवंत चित्रकाराच्या कॅनव्हासच्या शेजारी टिकते. गावातल्या वाचनालयात वर्षातून एकदा गावातल्या गोधड्या टांगायला फक्त दोरी आणि चिमटे लागतात. ज्या आजीला तिनं आयुष्यभरात केलेलं काही दाखवण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही, ती त्या गोधडीखाली खुर्ची टाकून बसेल आणि येणाऱ्याला कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा ते सांगेल. आरोग्य केंद्रात मिळत नाही असं काहीतरी तिला त्या दुपारी मिळेल.

*

हे माझं भाबडं मत आहे असं कुणी म्हणू नये म्हणून थोडं संशोधनाकडे वळतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १८ ते ५९ वयाची ३९ माणसं. त्यांना ४५ मिनिटं दिली आणि समोर कागद-मार्कर, कोलाजचं साहित्य आणि माती ठेवली. काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक, मोजलं. ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलं. महत्त्वाची गोष्ट पुढची आहे: ज्यांना चित्रकलेचा अनुभव होता आणि ज्यांना अजिबात नव्हता, त्यांच्यात फरक आढळला नाही. हात चांगला असण्याची अट नव्हती. प्रयोग लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, काहींमध्ये कॉर्टिसॉल वाढलंही. तेव्हा यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण माती मळणारं पोरगं रात्री शांत का झोपतं याचा एक धागा इथं सापडतो.

आणि नुसतं बघणाऱ्याचं काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६७१० लोकांची चौदा वर्षांची माहिती तपासली. संग्रहालयं, चित्रदालनं, नाटकं, मैफिली यांना दर काही महिन्यांनी तरी जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये १४ टक्क्यांनी. पैसा, शिक्षण, आधीची तब्येत हे सगळं हिशेबात धरूनच हे आकडे काढलेले आहेत. यावरून प्रदर्शन बघितल्यानं आयुष्य वाढतं असं सिद्ध होत नाही, आणि तसं संशोधकांनीही म्हटलेलं नाही. पण घराबाहेर पडायला एक कारण मिळणं, चार माणसांत उभं राहून एखाद्या गोष्टीकडे लक्ष देणं, याचा शरीराशी संबंध असावा असं मानायला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचाही कल याच बाजूचा आहे. माँट्रियलमध्ये तर २०१८ पासून डॉक्टर रुग्णाला तिथल्या कलासंग्रहालयाच्या भेटीची चिठ्ठी लिहून देऊ लागले.

एक गोष्ट इथं ठामपणे सांगितली पाहिजे. चित्र काढणं हा औषधाला पर्याय नाही. ज्याला नैराश्याचा आजार आहे, ज्याला भास होतात, त्याला डॉक्टरकडेच न्यायला हवं आणि गोळ्या वेळच्या वेळी द्यायला हव्यात. कलेचं काम त्यानंतर आणि त्याच्या बरोबरीनं सुरू होतं. हा माणूस फक्त रुग्ण नाही, याची त्याला स्वतःला आणि इतरांना आठवण राहावी यासाठी.

*

रत्नागिरी शहरात हा प्रश्न दूरचा नाही. राज्य सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. रत्नागिरीचं सगळ्यांत लहान, ३६५ खाटांचं, आणि १८८६ साली सुरू झालेलं. त्याच वर्षी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा इंग्रजांच्या नजरकैदेत इथं आला. मुख्य रस्त्यांपासून दूर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला घाट असलेलं हे गाव इंग्रजांना माणसं बाजूला ठेवायला सोयीचं वाटलं असावं. राजासाठी १९१० च्या सुमारास टेकडीवर राजवाडा बांधून झाला, तिथं तो १९१६ मध्ये वारला. आज त्या राजवाड्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, आणि आर्ट सर्कल ही रत्नागिरीकरांची संस्था राजवाड्याच्या आवारात थंडीच्या दिवसांत संगीत महोत्सव भरवते. खाडीवरून वारा येत असतो, गाणं चाललेलं असतं, आणि शहरातली माणसं शाली पांघरून बसलेली असतात. एका माणसाला कोंडायला बांधलेली वास्तू गावानं गाण्यानं आपलीशी केली.

मनोरुग्णालयाच्या भिंतीला मात्र तेवढं भाग्य लाभलेलं नाही. राज्यातल्या मनोरुग्णालयांत व्यवसायोपचार विभाग असतात. राख्या, पणत्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या रुग्णांकडून करून घेतल्या जातात, दिवाळीच्या सुमारास त्यांची विक्रीही होते. हे काम चांगलं आहे आणि ते करवून घेणारे कर्मचारी अपुऱ्या मनुष्यबळात ते करतात, याची मला जाणीव आहे. पण आपण ती पणती कशी विकत घेतो, ते जरा आठवून बघावं. कीव म्हणून घेतो. केली कुणी, त्याला दुसरं काही करावंसं वाटत होतं का, हे विचारत नाही.

ब्राझीलमधल्या एका बाईंनी ते विचारलं. डॉ. निझे दा सिल्व्हेरा या मनोविकारतज्ज्ञ रिओच्या सरकारी मनोरुग्णालयात काम करत होत्या. विजेचे झटके आणि मेंदूवरच्या शस्त्रक्रिया करायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना व्यवसायोपचार विभागात पाठवण्यात आलं. तिथं तोवर रुग्णांकडून झाडलोट करून घेत असत. १९४६ मध्ये त्यांनी रंग, ब्रश, कागद आणि माती आणवली. मदतीला आला अल्मिर माविन्येर नावाचा रुग्णालयात नोकरीला असलेला तरुण चित्रकार. त्यानं कुणाला काही शिकवलं नाही. नुसतं साहित्य पुरवलं, शेजारी बसला, आणि वॉर्डांमधून हात असलेली माणसं शोधून आणली. सहा वर्षांनी, १९५२ मध्ये, त्या चित्रांचं संग्रहालय उभं राहिलं. फेर्नांदो दिनिझ, अदेलिना गोमेस, एमिग्दियो दे बारोस ही नावं आज ब्राझीलच्या कलेच्या इतिहासात आहेत. कीव म्हणून नव्हे, चित्रांच्या बळावर.

आपल्याकडे कायदाही आता बाजूनं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की कुटुंब नाही किंवा कुटुंब घ्यायला तयार नाही, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही; समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे. हक्क कागदावर आला. पण बाहेर त्याला ओळखणार कोण? बरा झालेला माणूस गावात परततो तेव्हा त्याच्या नावापुढे एकच ओळख चिकटलेली असते. त्यानं रंगवलेलं काही आधी गावानं पाहिलेलं असेल, त्याखाली त्याच्या इच्छेनं त्याची सही असेल, तर दुसरी ओळख निदान सुरू होईल. ज्याला नाव द्यायचं नाही त्याचं नाव झाकावं. पण झाकायचं की नाही हे त्याला विचारावं.

*

जिल्ह्यात हे करू शकतील अशी माणसं आहेत, आणि संस्थाही. चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्री शिक्षण संस्थेचं कला विद्यालय आहे. शिल्पकार प्रकाश राजेशिर्के यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तिथली मुलं निसर्गचित्रणाला बाहेर पडतात, बांधावर किंवा पुलाच्या कठड्यापाशी बोर्ड मांडतात, आणि पाहता पाहता मागे गुरं हाकणारा, दूध घालून परतणारा, एस.टी. चुकलेला, असे चार जण उभे राहतात. कुणी काही बोलत नाही. जलरंगाचा पहिला ओला हात आभाळावरून फिरतो आणि मागून कुणीतरी म्हणतं, आता पाऊस येणारसा दिसतो. चित्रातल्या आभाळाबद्दल म्हणतं की खऱ्या, कळत नाही. मला ही दाद अतिशय खरी वाटते.

देवरुखला कला महाविद्यालय आहे आणि लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयही. तालुक्याच्या गावी, मुंबईला न जाता, नामवंत चित्रकारांची मूळ चित्रं मुलांना समोरून बघता येतात. छापील चित्र पाहून वाढलेल्या मुलाला पहिल्यांदा मूळ चित्रातला रंगाचा थर दिसतो, ब्रशचा केस चिकटलेला दिसतो, तेव्हा हे माणसानं केलंय हे त्याला कळतं.

उलट बाजूही आहे. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी शिल्पकार सदानंद बाक्रे लंडनमधली वर्षं संपवून १९७५ मध्ये भारतात परतले आणि दापोली तालुक्यात मुरुड-हर्णैच्या किनाऱ्यावर राहिले. २००७ मध्ये ते गेले. भारतीय आधुनिक कलेतला एवढा मोठा माणूस तीसेक वर्षं या जिल्ह्यात राहत होता. मुरुडच्या किनाऱ्यावर येणाऱ्या हजारो पर्यटकांतल्या, आणि खुद्द जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांतल्या किती जणांनी हे नाव ऐकलं असेल? सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे यांच्या जोडीला बाक्रे हे नाव दापोलीच्या मुलांना पाठ असायला हवं.

१९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग असलेल्या आजच्या सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीला, परशुराम गंगावणे यांनी वेगळा रस्ता दाखवला. ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या विरून जात होत्या. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. सरकारी निधीची किंवा इमारतीची वाट पाहिली नाही. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्या पुरस्काराइतकाच तो गोठा मोठा वाटतो. तिथं आलेल्या मुलाच्या हातात बाहुलीच्या दोऱ्या देता येतात.

दोऱ्या हातात देणं हाच मुद्दा आहे. स्थानिक कलाकारांची जी प्रदर्शनं आपल्याकडे शाळेच्या वर्गात, मंगल कार्यालयात, वाचनालयाच्या सभागृहात भरतात, त्यांत चित्रं चांगली असतात, फ्रेमही नीट असतात. फीत कापली जाते, भाषणं होतात, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी चित्रकार खुर्चीवर एकटा बसलेला असतो. त्याच सभागृहात एक लांब टेबल मांडावं. त्यावर भिजवलेली माती, कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर, जुन्या कपड्यांचे तुकडे, सुई-दोरा. चित्रकारानं खुर्ची सोडून त्या टेबलापाशी बसावं आणि स्वतःचं काम करत राहावं. येणाऱ्याला बस म्हणावं. शिकवू नये. संध्याकाळी त्या टेबलावर जे तयार होईल ते मोठ्या चित्रांच्या शेजारीच टांगावं, वेगळ्या कोपऱ्यात नव्हे. प्रदर्शन यशस्वी झालं की नाही हे किती चित्रं विकली गेली यावरून मोजायचं, तसंच किती जण दुसऱ्या दिवशी परत आले यावरूनही मोजावं.

आणि टेबल हलवता येतं. ते एका आठवड्यात मनोरुग्णालयाच्या आवारात जाऊ शकतं, दुसऱ्या आठवड्यात ज्या वाडीत सहा घरांपैकी चार घरांना कुलूप आहे तिथल्या देवळाच्या सभामंडपात. यासाठी लागणारं मुख्य माणूस प्रत्येक मोठ्या शाळेत आधीच आहे: चित्रकलेचे सर किंवा बाई. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना वर्षानुवर्षं मुलं बसवणारी, स्वतःच्या पैशानं रंग आणणारी, आणि तास कापला गेला की तक्रार न करता फळ्यावर सुविचार लिहून देणारी ही माणसं. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी कपाटावर गुंडाळून ठेवलेली स्वतःची चित्रं आहेत, जी कधी कुठं लागली नाहीत. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके आहेत. एकेका तालुक्यात या शिक्षकांची गुंडाळलेली चित्रं आधी उलगडून टांगावीत, आणि टेबल त्यांच्याच हाती सोपवावं. येत्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, शाळांमध्ये व्याख्यानं ठरतीलच. त्यांतला एक तास माती भिजवायला मागून घेता येईल. शाडू गावातल्या गणपतीच्या शाळेत उरलेली असतेच, आणि मालक ती द्यायला नाही म्हणत नाही.